फान रांग : पांडुरंग नावाचं राज्य आणि तिथली चाम देवळं

रानवाटा

नमस्कार मंडळी,

व्हिएतनामवर आपल्याकडे बरंच लिहून येतं, पण ते हनोई, हा लाँग, होइ आन आणि फार तर ‘मी सन’ या गावच्या देवळांपाशी थांबतं. दक्षिण किनाऱ्यावरच्या फान रांगबद्दल मला मराठीत काहीच वाचायला मिळालं नाही. म्हणून हा धागा.

मला तिथे ओढून नेलं ते नावानं. आजच्या व्हिएतनामच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर हजारेक वर्षं चाम लोकांचं चंपा राज्य होतं. राज्य म्हणण्यापेक्षा राज्यांची माळच. त्यांची नावं वाचा: इंद्रपूर, अमरावती, विजय, कौठार आणि सगळ्यात दक्षिणेला पांडुरंग. उत्तरेकडून व्हिएतनामी सत्ता सरकत आली तसे यातले मणी एकेक करून गळाले. विजय १४७१ मध्ये पडलं, कौठार १६५३ मध्ये. पांडुरंग मात्र १८३२ पर्यंत टिकून होतं, म्हणजे आपली पेशवाई बुडाल्यावरसुद्धा चौदा वर्षं. व्हिएतनामी जिभेवर त्या पांडुरंगचं फान रांग झालं. पंढरपूरला दर वर्षी जाणाऱ्या घरात मी वाढले. हे वाचल्यावर मला घरात बसवेना.

सायगावहून रेल्वेनं निघालो. स्टेशनचं नाव थाप चाम, म्हणजे ‘चामांचे बुरुज’. तिथून टेकडी अगदी जवळ आहे. टेकडीला चाम लोक ‘विड्याच्या पानांची टेकडी’ म्हणतात. आता तिथे विड्याचा वेल दिसत नाही. निवडुंग, खुरटी झाडं आणि भाजून काढणारं ऊन. व्हिएतनाममधला हा सगळ्यात कोरडा पट्टा. ‘फांग’ म्हणजे हाणणे, ‘रांग’ म्हणजे भाजणे, म्हणून गावाच्या नावावरच म्हण आहे : वारा हाणतो आणि ऊन भाजतं. दोन्हीचा अनुभव आम्ही पहिल्या दहा मिनिटांत घेतला.

वर पो क्लोंग गराईचं देऊळ आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस राजा जय सिंहवर्मन तिसरा यानं ते बांधवलं. ज्याच्यासाठी बांधलं तो पो क्लोंग गराई त्याच्या आधीचा राजा. चाम बखरी त्याचा काळ ११५१ ते १२०५ देतात. कथा अशी की तो जन्मतः कुष्ठरोगी होता, एका नागानं, त्यांच्या भाषेत ड्रॅगननं, चाटून त्याला बरं केलं. पुढे राजा झाल्यावर त्यानं या कोरड्या मुलखात बंधारे घातले, पाट काढले. जवळच्या न्या त्रिन्ह बंधाऱ्याचं श्रेय परंपरा त्यालाच देते. दुष्काळी भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाणी आणणाऱ्याचा देव होतो.

तीन इमारती उभ्या आहेत, सगळ्या लालसर विटांच्या. मुख्य देऊळ वीसेक मीटर उंच. समोर बुटका दरवाजा, आणि बाजूला होडीसारख्या छपराचा ‘अग्नीचा बुरुज’. विटांमध्ये चुना दिसत नाही. मी नख लावून पाहिलं. दोन विटांच्या मधे नख शिरलं नाही. मुख्य दाराच्या वर दगडात कोरलेला सहा हातांचा नाचणारा शिव आहे आणि दाराच्या दोन्ही चौकटींवर चाम लिपीतले लेख. ही लिपी आपल्या ब्राह्मीच्याच कुळातली. वाचता येत नाही, तरी काही वळणं ओळखीची वाटत राहतात.

चपला काढून आत गेलो. आत शिरल्याबरोबर अंतराळात, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या छोट्या दालनात, नंदी. माझ्या गुडघ्याएवढा असेल, काळा, तुळतुळीत, आणि त्याच्या तोंडाशी एका ताटलीत भात, दोन केळी आणि विड्याची पानं ठेवलेली होती. पानं ताजी होती, देठाला पाणी होतं. शेतकरी पीक चांगलं यावं म्हणून नंदीला खाऊ घालतात असं नंतर कळलं. पुढे गाभारा, उदबत्तीच्या धुरानं काळा पडलेला. मधोमध लाकडी मखरात मुखलिंग. पिंडीवर राजाचा चेहरा कोरून रंगवलेला. शिव आणि पो क्लोंग गराई एकाच दगडात.

मी मोठ्यानं काही म्हटलं नाही. हात जोडले गेले.

आणि इथेच मला धाग्याचा मुख्य मुद्दा सांगायचा आहे. जाण्याआधी माझ्या डोक्यात ‘आपलं काहीतरी तिथे राहिलंय’ असं होतं. ते तिथे गेल्यावर उतरलं. तिथे कुणाचं काही ‘राहिलेलं’ नाही. हे चाम लोकांचं चालतं देऊळ आहे. राज्य गेलं, पण पूजा चालू राहिली, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या पुजाऱ्यांकडून, स्वतःच्या पंचांगानं. नावानं आपण तिकडे जावं, पण जावं ते पाहुण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी स्कूटर भाड्यानं घेऊन पो रोमे पाहिलं. गावापासून पंधराएक किलोमीटर, शेतांमधून रस्ता, वर पोचलो तेव्हा आम्ही दोघं आणि शेळ्या. पो रोमे हा १६२७ ते १६५१ राज्य करणारा राजा. चामांनी बांधलेल्या विटांच्या मोठ्या देवळांतलं हे शेवटचं धरतात. पो क्लोंग गराईशेजारी ते ओबडधोबड वाटतं. नक्षी जवळजवळ नाही. हात आखडलेले, पैसा आटलेला, तरी बांधलं. मला याच देवळानं जास्त वेळ धरून ठेवलं. उत्तरेला महामार्गालगत होआ लाइचे बुरुज आहेत, नवव्या शतकातले. मूळचे तीन, मधला पडला, दोन उरले. पानाफुलांची कोरीव नक्षी विटेतच आहे आणि ती या सगळ्यांत सरस आहे.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

---

कातळवेध

सुंदर लिहिलंय, वाचनखूण साठवली.

एक विचारू का? पांडुरंग हे नाव तिथे आहे म्हणजे आपला विठ्ठल किंवा निदान त्याची भक्ती तिथवर गेली होती असं म्हणता येईल का? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात असा एक मेसेज फिरतोय.

---

रानवाटा

नाही म्हणता येणार. माझीही आधी तीच इच्छा होती, म्हणून जरा शोधलं. चंपाच्या शिलालेखांत पांडुरंग हे नाव नवव्या शतकातच येतं. ज्ञानेश्वर तेराव्या शतकातले. शिवाय तिथे विष्णू आहे, पण राजांचा जीव शिवावर. विठोबासारखी मूर्ती मला तरी कुठे दिसली नाही.

---

ओवीकर

थोडी भर घालतो. पांडुरंग म्हणजे गोऱ्या अंगाचा. सावळ्या विठ्ठलाला हे नाव कसं, हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे. जुना कोशकार हेमचंद्र यानं पांडुरंग हे रुद्राचं, म्हणजे शिवाचं नाव म्हणून नोंदवलं आहे, आणि रा. गो. भांडारकरांनी विठोबाबद्दल लिहिताना याकडे लक्ष वेधलं होतं. कर्पूरगौर शिवाशी ते जुळतंही. तेव्हा शिवभक्त राजांच्या मुलखाला हे नाव असणं यात नवल नाही. गंमत अशी की यानं चंपाबद्दल जितकं कळतं, तितकंच पंढरपूरबद्दलही विचार करायला लागतो. पंढरपुरात विठोबाच्या आधी पुंडलिकाचं दर्शन घेतात, आणि त्या पुंडलिकाच्या देवळात शिवलिंग आहे, हे वारकऱ्याला सांगायला नको.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पण हा धागा जरूर पाठवा.

---

सायगावची सून

मी नऊ वर्षं हो ची मिन्ह शहरात राहते (आम्ही सगळे अजून सायगावच म्हणतो). आमच्या सोसायटीत एक चाम कुटुंब आहे, त्यांच्याबरोबर दोनदा काते सणाला फान रांगला गेले. रानवाटाताई, तुम्ही सणाला गेला नाहीत म्हणून त्याबद्दल लिहिते.

काते हा चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी येतो, इंग्रजी महिन्यानं सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर. तारीख दर वर्षी हलते, म्हणून तिकीट काढायच्या आधी नक्की करून घ्या. एकाच दिवशी पो क्लोंग गराई, पो रोमे आणि हूउ दुक गावातलं देवीचं देऊळ अशा तिन्ही ठिकाणी पूजा होते.

सणाची सुरुवात देवळात होत नाही. देवाचे कपडे डोंगरातल्या राग्लाइ लोकांकडे असतात. राज्य मोडलं तेव्हा चाम राजांनी आपल्या चीजवस्तू त्यांच्या हवाली केल्या, असं सांगतात. दर वर्षी राग्लाइ मंडळी ते कपडे घेऊन खाली उतरतात, चाम त्यांना सामोरे जातात आणि पालखीतून मिरवणूक देवळाकडे निघते. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका डोक्यावर ताटं घेऊन चढण चढत असतात, हात न लावता.

मग दार उघडायची पूजा, देवाला अंघोळ, मग पोशाख. आतमध्ये जागा इतकी कमी की पुजारी, एक वाद्य वाजवत गाणारे, आणि अंगात येणारी एक बाई, एवढेच मावतात. मी दाराबाहेरून पाहिलं. मुखलिंगावर पाणी घातलं, पुसलं, आणि एकेक वस्त्र चढत गेलं, शेवटी डोक्याला मुकुट. माझ्या माहेरी श्रावणी सोमवारी पिंडीवर चांदीचा मुखवटा चढवायचे. मी लहानपणी तो बघायला पुढे घुसायचे. तिथे पुढे घुसावंसं वाटलं आणि मी पाय मागे घेतला. ताईंनी लिहिलंय तेच, आपण पाहुणे.

बाहेर ढोल आणि सनई. त्यांच्या सनईला ते सरनाइ म्हणतात.

आणि एक. शेजारच्या काकूंनी मला त्यांचे वार शिकवले: आदित, सोम, अंगार, बुत, जिप, सुक, सनचर. अंगार म्हणजे मंगळवार. मी त्यांना अंगारकीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी तो शब्द तीन वेळा म्हणून पाहिला.

---

ओवीकर

‘जिप’ म्हणजे जीव. संस्कृतात बृहस्पतीचं एक नाव जीव आहे. आपल्याकडे पत्रिकेबाहेर ते कुणी वापरत नाही आणि तिथे रोजच्या बोलण्यात आहे. ताई, या एका प्रतिसादासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

---

तेरणाकाठ

मी तेरचा. आमच्या गावात त्रिविक्रमाचं आणि उत्तरेश्वराचं अशी विटांची जुनी देवळं आहेत, म्हणून विटांबद्दल विचारतो. चुना नाही तर मग धरून कशानं ठेवलंय? आमच्याकडच्या विटा पावसानं झिजतात, सांधे मोकळे होतात.

---

रानवाटा

यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. एक मत असं की वनस्पतीचा चीक वापरून विटा एकमेकींवर घासून बसवायच्या, त्यामुळे सांधा इतका बारीक. तिकडे ‘झाउ राइ’ नावाचं झाडाचं तेल मिळतं, होड्यांना लावतात तेच, आणि त्याचं नाव या चर्चेत नेहमी येतं. नक्षी मात्र भिंत उभी राहिल्यावर कोरलेली आहे, हे होआ लाइला डोळ्यांनी दिसतं: एक पान दोन-तीन विटांवरून सलग जातं.

दुरुस्तीच्या नव्या विटा कुठे लावल्यात तेही लगेच ओळखू येतं. त्यांचा रंग वेगळा, त्यावर शेवाळ लवकर धरतं.

‘मी सन’ला आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसंही जतनाचं काम करत होती. २०२० मध्ये तिथे नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं, ते त्याच कामात.

---

सह्यवारा

लेखनाबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. इतक्या लांब जायचं आणि तीन-चार बुरुज पाहायचे? तेवढ्या खर्चात आणि वेळात कंबोडियातलं अंगकोर होतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी फान रांग सुचवणार नाही. मूर्तीसुद्धा बऱ्याचशा दा नांगच्या चाम संग्रहालयात आहेत, मग गावात जाऊन पाहायचं काय?

---

रानवाटा

तुमचा प्रश्न रास्त आहे. अंगकोर मी पाहिलंय आणि त्याच्यापुढे हे आकारानं काहीच नाही. ज्यांच्याकडे एकच सहल आहे त्यांनी अंगकोरच पाहावं, यात मला शंका नाही.

पण अंगकोरमध्ये मी सकाळी पाच वाजता हजारभर लोकांबरोबर तळ्याकाठी उभी होते. सगळ्यांचे फोन वर. इथे नंदीपुढे पान ठेवून गेलेली बाई मला दिसलीसुद्धा नाही, ती पहाटेच येऊन गेली होती. दा नांगचं संग्रहालय अवश्य पाहा, तिथलं शिल्प थक्क करतं. पण तिथे कुणी नंदीला केळं देत नाही.

---

सह्यवारा

हे पटलं. दा नांग ते फान रांग रेल्वेनं जोडता येईल का, ते बघतो.

---

सायगावची सून

येतं. एकच लोहमार्ग किनाऱ्यानं सायगावपासून हनोईपर्यंत जातो, दोन्ही स्टेशनं त्यावरच आहेत. दा नांगहून रात्रीची गाडी घ्या, झोपून जा. वाटेत न्या चांग लागतं, तिथलं पो नगरचं देऊळ पाहायचं असेल तर उतरा. तिथे गर्दी भरपूर. ७७४ मध्ये समुद्रावरून आलेल्या लोकांनी ते जाळलं होतं आणि दहा वर्षांनी राजा सत्यवर्मन यानं पुन्हा उभारलं. ‘नगर’ हा शब्द आपलाच, अर्थ मात्र देश. पो नगर म्हणजे देशाची स्वामिनी.

नकाशावर शोधताना लक्षात ठेवा, फान रांगचा निन्ह थुआन प्रांत जुलै २०२५ पासून खान्ह होआ प्रांतात विलीन झालाय. पत्ते दोन्ही तऱ्हेचे दिसतील.

---

भाकरतुकडा

जेवणाचं काय? आम्ही शाकाहारी, घरातले ज्येष्ठ कांदा-लसूणही खात नाहीत. व्हिएतनाम म्हटलं की माशाचं पाणी डोळ्यांसमोर येतं.

---

सायगावची सून

‘तोइ आन चाय’ हे तीन शब्द पाठ करा. अर्थ, मी शाकाहारी खाते. ‘चाय’ अशी पाटी असलेली खानावळ बहुतेक गावांत असते आणि तिथे बौद्ध पद्धतीनं कांदा-लसूणही सहसा टाळतात. तिथल्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पर्याय वाढतात. साध्या हॉटेलात मात्र भाजीतही माशाचं पाणी असतं, तिथे नुसता भात आणि फळं घ्या.

फान रांगचं खास म्हणजे बान्ह कान. तांदळाचं पीठ मातीच्या साच्यांत घालून निखाऱ्यावर भाजतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आईचं अप्पेपात्रच आठवलं. अंडं किंवा कोलंबी घालतात, पण साधंही करून देतात. बरोबरची चटणी माशाची, ती नको म्हणून सांगा.

ते साचे जवळच्या बाउ त्रुक गावातले. तिथल्या चाम बायका चाकाशिवाय मडकं घडवतात. चाक फिरत नाही, बाई फिरते. मडक्याभोवती उलट्या पावलांनी, ओल्या फडक्यानं काठ सारखा करत. २०२२ मध्ये युनेस्कोनं या कलेला तातडीनं जपायच्या यादीत घेतलं. मी एका आजींची पावलं मोजायचा प्रयत्न केला, साठानंतर चुकले.

---

गोदाकाठ

फोटोत द्राक्षाचे मांडव दिसले, ते तिथलेच का? आमच्या निफाडसारखेच वाटले.

---

रानवाटा

हो, तिथलेच. फान रांगची द्राक्षं तिकडे प्रसिद्ध आहेत. कोरडं हवामान, खालून मिळणारं पाटाचं पाणी. बोरंही तिथली नावाजलेली, मोठी, आपल्या अ‍ॅपल बोरासारखी. ते त्यांना ‘ताओ’ म्हणतात, म्हणजे सफरचंदच. पो रोमेच्या वाटेवर एका बागायतदारानं ओंजळभर दिली आणि पैसे घेतले नाहीत.

---

पायवाट७०

धागा सावकाश वाचला. मी सत्तरीचा, पत्नीचे गुडघे दुखतात. ऑक्टोबरात काते पाहावा असं दोघांच्याही मनात आलंय. पायऱ्या किती? ऊन कितपत? आणि आम्ही नमस्कार केलेला, फूल वाहिलेलं त्यांना चालेल का?

---

रानवाटा

काका, पो क्लोंग गराईची टेकडी लहान आहे. पायऱ्या रुंद आहेत, मधे बसायला जागा आहे, हळूहळू चढलात तर काकूंना जमेल. पो रोमेची चढण उभी आहे, ती खालूनच पाहा. ऑक्टोबरात तिकडे पाऊसही असतो, पण ढग नसले तर नऊनंतर ऊन सोसवत नाही. सणाच्या दिवशी पहाटेच वर पोचा, टोपी आणि पाणी घ्या.

नमस्कार जरूर करा, पण गाभाऱ्यात जायच्या आधी तिथल्या माणसाला खुणेनं विचारा. माझ्या हातून एक चूक झाली ती सांगते. मी पिशवीतून आणलेलं कुंकू नंदीला लावायला हात पुढे केला. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझं मनगट अलगद धरलं, मान हलवली, आणि शेजारच्या ताटलीतलं एक विड्याचं पान माझ्या हातात दिलं. मी ते नंदीपुढे ठेवलं. त्यांनी डोळ्यांनीच ‘हं, असं’ म्हटलं.

---

पायवाट७०

कळलं. कुंकवाची डबी घरीच ठेवतो. विड्याची पानं तिथे बाजारात मिळतील ना?

---

सायगावची सून

मिळतील काका, सुपारीसकट. सायगावला उतरलात की मला इथेच निरोप टाका. चाम काकू दर वर्षी जातातच, त्यांना विचारून ठेवते.